आपला पेला आपण भरूं नये

परदेशचा प्रवास करून आलेल्या मनुष्यानें आपल्या प्रवासाचें वर्णन लिहावयास घेतलें, म्हणजे त्यांत बहुधा उंच मनोरे, जुनीं देवालयें, राजवाडे आणि वेगानें धांवणाऱ्या आगगाड्या यांचीच गर्दी होते. या वस्तु पाहण्यासारख्या असतात हें खरें. परंतु एखाद्या समाजाचा स्वभाव ओळखावयाचा असेल, तर त्याच्या मनोऱ्यांपेक्षां त्याच्या पंगतीकडे पाहावें, असें आमचें मत आहे. मनुष्य चारचौघांत कसा बसतो, पहिला घांस कोणापुढें ठेवतो, शेजाऱ्याच्या पानाकडे त्याचें लक्ष असतें कीं नाहीं, या लहानसहान गोष्टींत पिढ्यान् पिढ्यांचें शिक्षण दिसून येतें. म्हणून जपानच्या प्रवासाविषयीं कांहीं लिहावें, अशी विद्यार्थ्यांनीं विनंति केली, तेव्हां आम्हीं फुजी पर्वत बाजूला ठेविला आणि टोकियो येथील एका साध्या भोजनगृहांतील दोनअडीच तासांची हकीकत सांगावयाचें ठरविलें.

ती सांगण्यापूर्वीं सुज्ञ पालकांच्या मनांत येणाऱ्या एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. आम्ही ज्या ठिकाणीं गेलों तें नुसतें भोजनगृह नव्हतें, मद्यगृहहि होतें. ‘शाळामास्तर आणि मद्यगृह!’ असें म्हणून कोणीं कपाळास आठ्या घातल्या, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. आमच्या घराण्यांत तीन पिढ्यांत कोणीं मद्याला स्पर्श केलेला नाहीं आणि त्या रात्रींहि तो नियम मोडला नाहीं. ज्या मित्रानें आम्हांस तेथें नेलें, तोहि मद्य घेत नाहीं. मग दोन न पिणारीं माणसें पिण्याच्या जागीं कशासाठीं गेलीं, हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

जपानांत अशा जागेला ‘इझाकाया’ म्हणतात. ‘साके’ म्हणजे तांदुळापासून केलेलें मद्य, ‘या’ म्हणजे दुकान, आणि आरंभींच्या ‘इ’चा अर्थ बसणें, राहणें असा आहे. टोकियो शहराला पूर्वीं एदो म्हणत. त्या काळीं तेथें साकेचीं दुकानें असत. गिऱ्हाइकानें आपली सुरई भरून घ्यावी आणि घरचा रस्ता धरावा, एवढाच तेथील व्यवहार. पुढें कांहीं दुकानदार गिऱ्हाइकांना तेथेंच बसून पिऊं देऊं लागले. बसणारांसाठीं तोंडीं लावावयास कांहीं पदार्थ करूं लागले. आणि हळूहळू या बैठकीच्या दुकानांचें निराळेंच प्रस्थ झालें. आज इझाकाया म्हणजे केवळ मद्याचें दुकान नव्हे. दिवसभर कचेरींत राबलेले लोक संध्याकाळीं तेथें जमतात. प्रत्येकाचें ताट वेगळें नसतें. लहान लहान बशांतून पदार्थ येत राहतात आणि ते मध्यें ठेवून सर्वजण वांटून खातात. कचेरींत जें बोलतां येत नाहीं, तें तेथें बोलतां येतें.

आमचा हा मित्र म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहांतील आमचा सोबती. तीन वर्षें आम्ही एका खोलींत राहिलों आणि एका कंगव्यानें भांग पाडला. पुढें आम्ही शिक्षकी पेशांत शिरलों; तो संगणकाच्या विद्येंत निष्णात होऊन २००६ सालीं जपानांत नोकरीस गेला. शहराच्या पूर्वेस एदोगावा नांवाचा विभाग आहे. तेथील निशिकासाई भागांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ सालीं योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रीय गृहस्थ निवडून आले, यावरून तेथें आपल्या लोकांनीं कसें मूळ धरलें आहे याची कल्पना यावी. याच विभागांत पत्नी आणि कन्या यांसह आमचा मित्र राहतो. २०२४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टींत त्याच्या आग्रहावरून आम्ही दहा दिवस त्याचे पाहुणे झालों. नऊ दिवस त्याच्या घरीं वरणभात जेवलों. दहाव्या दिवशीं तो म्हणाला, “मास्तर, आज तुला एका ठिकाणीं न्यावयाचें आहे. तेथें बसल्यावांचून मला एक गोष्ट सांगतां येणार नाहीं.”

शहराच्या मध्यभागीं युराकुचो नांवाचें स्टेशन आहे. तें १९१० सालीं सुरू झालें. तेथें आगगाडीचा मार्ग जमिनीवरून न नेतां विटांच्या कमानींवरून नेलेला आहे आणि त्या कमानींच्या पोटांत लहान लहान भोजनगृहें ओळीनें थाटलेलीं आहेत. डोक्यावरून गाडी गेली कीं पेल्यांतील पाणी थरथरतें. परंतु आंत बसलेला एकहि मनुष्य मान वर करून पाहत नाहीं. आम्हीं ज्या दुकानापुढें पाय थांबविले, त्याच्या दारावर तांबडा कागदी कंदील लोंबत होता आणि दारांत अर्ध्या उंचीचा कापडी पडदा होता. तो हातानें बाजूस सारून आणि मान लववून आंत शिरावें लागतें. मोठ्यांतल्या मोठ्या अधिकाऱ्यासहि येथें मान लववावी लागते, ही गोष्ट आम्हांस आवडली.

आंत पाऊल टाकतांच ‘इराश्शाइमासे!’ असा पुकारा झाला. ‘यावें, यावें’ असा त्याचा अर्थ. दुकान आपल्या शाळेच्या एका वर्गाच्या निम्म्याएवढेंहि नव्हतें. एका बाजूस लांब लांकडी फळी, तिच्यापुढें दहाबारा बैठकी, आणि फळीच्या पलीकडे निखाऱ्यांवर कांहीं भाजीत उभा असलेला वृद्ध मालक. त्याची पत्नी गिऱ्हाइकांची व्यवस्था पाहत होती. आम्ही बसलों न बसलों तोंच तिनें गरम पाण्यांतून पिळून काढलेलें एकेक फडकें हातांत दिलें. दिवसभराच्या भटकंतीनंतर त्या ऊन फडक्यानें हात पुसले आणि अर्धा शीण उतरला. मग न मागतां एकेक इवलीशी बशी पुढें आली. तींत शिजवलेल्या मुळ्याचे दोन तुकडे होते. या बशीला ‘ओतोशि’ म्हणतात आणि तिचे पैसे बिलांत धरतात. न मागितलेल्या वस्तूचे पैसे कां, म्हणून परदेशी पाहुणे कधीं कधीं हुज्जत घालतात. आमचा मित्र म्हणाला, “ही बसण्याची दक्षिणा समज. येथें बसावयास कोणी घाई करीत नाहीं, त्याचें हें मोल.”

जेवणाची निवड आम्हीं मित्रावर सोंपविली. प्रथम सोयाबीनच्या कोंवळ्या हिरव्या शेंगा आल्या, मिठाच्या पाण्यांत उकडलेल्या. त्या दातांनीं सोलून खावयाच्या; हुरड्याच्या दिवसांची आठवण व्हावी अशी ही मौज आहे. मागून काड्यांना टोंचून निखाऱ्यांवर भाजलेले कोंबडीचे तुकडे आले, आणि मग आला कच्चा मासा. आमचें बालपण कोंकणच्या किनाऱ्यावर गेलें, तेव्हां मासा आम्हांस नवा नव्हे. परंतु आमच्या आईच्या हातचा मासा हळद, तिखट आणि आमसूल यांच्या सोबतीवांचून कधीं ताटांत आला नाहीं. येथें तो पातळ कापून, बर्फासारख्या गार बशींत, फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें मांडलेला होता. सोबत ‘वासाबि’ नांवाच्या हिरव्या मुळाची चटणी. मिरचीचा तिखटपणा जिभेवर बसतो; हिचा मोहरीप्रमाणें थेट नाकांत चढतो आणि क्षणांत नाहींसाहि होतो. मासा जिभेवर ठेवतांच कळलें कीं त्याला वास नाहीं. आहे ती समुद्राची गोडसर चव. इतका ताजा मासा असला तरच तो विस्तवावांचून वाढण्याचें धैर्य मनुष्यास होतें.

त्यानंतर ‘साबा’ नांवाचा मासा मीठ लावून भाजलेला आला. आपल्या बांगड्याच्या कुळांतलाच हा मासा. पहिल्या घांसाबरोबर आमची चूल, आमची पडवी आणि तव्यावर बांगडा परतणारी आमची आई हीं सर्व डोळ्यांपुढें उभीं राहिलीं. सोबतच्या निवळ रश्श्याला मसाला म्हणून कांहीं नव्हतें, तरी तो बेचव नव्हता. हा गुण ‘कोम्बु’ नांवाच्या समुद्रांतील वनस्पतीचा. टोकियोच्या विद्यापीठांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं या वनस्पतींतून ती चव आणणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्या चवीला ‘उमामि’ असें नांव दिलें. गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्या पंक्तीला ही चव पुढें शास्त्रज्ञांनीं बसविली. एक प्राध्यापक जेवतां जेवतां ‘ही चव कशाची?’ असें स्वतःस विचारतो आणि त्यांतून शास्त्राचें एक पान लिहिलें जातें, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

जेवावयाचें तें दोन काड्यांनीं. त्यांचे नियम मित्रानें आधींच सांगून ठेविले होते. भाताच्या वाटींत काड्या उभ्या खोंचूं नयेत, कारण मृताच्या नांवानें ठेवलेल्या भातांत त्या तशा खोंचतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घांस देऊं नये, कारण दहनानंतर अस्थि गोळा करतांना आप्तेष्ट त्या अशाच एकमेकांकडे देतात. नियम वरवर पाहतां क्षुल्लक वाटतात. मूळ शोधूं गेलें कीं त्याच्याखालीं कोणाचें तरी दुःख सांपडतें. परक्यांच्या रीति पाळावयाच्या त्या एवढ्याचसाठीं.

मग ‘तेम्पुरा’ आला. कोळंबी आणि भाज्या पातळ पिठांत बुडवून तळलेल्या. आपल्या भज्यांचाच हा भाऊ, मात्र पीठ बेसनाचें नव्हे, गव्हाचें. हा पदार्थ जपानी म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. परंतु तळण्याची ही रीत सोळाव्या शतकांत पोर्तुगीज लोकांबरोबर तेथें आली आणि नांवहि बहुधा त्यांच्याच भाषेंतून आलें, असें अभ्यासक सांगतात. मांस वर्ज्य करावयाच्या उपवासाच्या दिवसांना कॅथॉलिक लोकांत जो शब्द होता, त्याचा हा अपभ्रंश असावा असें एक मत आहे. पोर्तुगीज व्यापारी १५४३ सालीं जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यानंतर सहा वर्षांनीं संत फ्रान्सिस झेवियर हे गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजीं कागोशिमा येथें उतरले. त्यांच्याबरोबर अंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ होता. त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षीं गोव्यांतच झाला होता. म्हणजे गोव्याचा किनारा आणि जपानचा किनारा यांची ओळख पांचशें वर्षांची होत आली. जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द एकच. तो आपल्याकडे येऊन ‘पाव’ झाला आणि तेथें जाऊन ‘पान’ झाला. आपल्या गल्लींतला पाववाला आणि टोकियोंतला पानवाला हे एका शब्दाचे नातू आहेत, हें ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. आमच्यापुढें मद्याऐवजीं हिरव्या चहाची मातीची किटली आणि दोन बिनकानाचे पेले ठेवले होते. मित्रानें किटली उचलली, दोन्ही हातांनीं धरून आमचा पेला भरला, आणि किटली खालीं ठेवून तो स्वस्थ बसला. त्याचा पेला रिकामाच होता. आम्हीं विचारलें, “अरे, आणि तुझा?” तो हंसला आणि म्हणाला, “येथें आपला पेला आपण भरूं नये. ज्याचा त्यानें दुसऱ्याचा भरावा.” तेव्हां आम्हीं किटली घेऊन त्याचा पेला भरला. मोठ्या माणसाचा पेला भरतांना सुरई दोन्ही हातांनीं धरावी, आपला भरला जात असतां पेला हातांत उचलून घ्यावा, आणि आणखी नको असेल तर तो भरलेलाच राहूं द्यावा, अशी तेथील रीत आहे. म्हणजे पंगतीला बसलेल्या प्रत्येकानें बोलतां बोलतां एक डोळा शेजाऱ्याच्या पेल्यावर ठेवावयाचा.

“मास्तर,” मित्र म्हणाला, “मी येथें आलों तेव्हां मला भाषा येत नव्हती. कचेरींतील मंडळी दिवसभर माझ्याशीं अवाक्षर बोलत नसत आणि संध्याकाळीं येथें आणून खांद्यावर हात ठेवीत. मला वाटलें, आपलेपणाचें दार हेंच. वरिष्ठांनीं स्वतःच्या हातानें माझा पेला भरला, त्याला नाहीं कसें म्हणावें? एक रिकामा झाला कीं दुसरा भरलेला. आणि आपला पेला आपण भरीत नसलों, म्हणजे किती झाले याचा हिशेब आपल्यापाशीं राहत नाहीं. आठवड्यांतून एक रात्र होती, त्याच्या चार झाल्या. शेवटच्या गाडीनें घरीं जावें आणि पहाटेच्या गाडीनें परत यावें. २०११ सालीं पत्नी तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास निघून गेली. ती भांडली नाहीं. एवढेंच म्हणाली, ‘तुमचा पेला भरणारे पुष्कळ आहेत. या घरांत काय रिकामें आहे, तें कोणीं पाहावयाचें?’”

आम्ही कांहीं बोललों नाहीं. इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारांत त्यानें या गोष्टीचा एका शब्दानें उल्लेख केला नव्हता. तो पुढें सांगूं लागला, “मी महिनाभर रिकाम्या घरांत राहिलों. मग एका शुक्रवारीं सर्वांबरोबर येथें आलों आणि याच फळीवर, याच जागीं बसलों. वरिष्ठ सुरई घेऊन वळले आणि मीं पेल्यावर हात ठेविला. आपल्याकडे पंगतींत नको म्हणावयाचें असलें, म्हणजे पानावर आडवा हात धरतात ना, तसा. सगळे गप्प झाले. मला वाटलें, आज नोकरी गेली. ते क्षणभर माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग सुरई खालीं ठेवून त्यांनीं आजींना चहाची किटली आणावयास सांगितली, आणि दोन्ही हातांनीं धरून माझा पेला चहानें भरला. कां म्हणून विचारलें नाहीं. पुढें ते निवृत्त होईपर्यंत सात वर्षें त्यांनीं माझा पेला चहानेंच भरला. मास्तर, त्या रात्रीं मला उमगलें. त्यांना मला दारू पाजावयाची नव्हती. माझा पेला रिकामा राहूं द्यावयाचा नव्हता. मीच दोहोंची गल्लत करीत होतों.” त्याची पत्नी चार महिन्यांनीं परत आली.

सर्वच वरिष्ठ इतके समजूतदार असतात असें नाहीं, हेंहि त्यानें सांगितलें. हाताखालच्या माणसास आग्रहानें मद्य पाजून छळणें याला जपानी लोकांत अलीकडे ‘आरुहारा’ असा शब्द पडला आहे, आणि ज्या छळाला शब्द मिळतो त्याचा बंदोबस्त पुढें मागें होतोच. जपानांत वीस वर्षांखालील मुलांस मद्याची बंदी आहे. २०२२ सालीं सज्ञान होण्याचें वय विसावरून अठरावर आणलें, तरी मद्याची मर्यादा विसावरच ठेविली. शिवाय तरुण लोक आपण होऊनच मद्याकडे पाठ फिरवूं लागले आहेत. तेथील कर खात्याच्या आंकड्यांप्रमाणें १९९५ सालीं दर प्रौढ माणसामागें वर्षाला सुमारें १०० लिटर मद्य खपत असे; २०२० सालीं तें ७५ लिटरांवर आलें. मद्यावरील कराचें उत्पन्न घटलें, म्हणून २०२२ सालीं या खात्यानें मद्याचा खप वाढविण्याच्या युक्त्या सुचवा, अशी तरुणांचीच एक स्पर्धा जाहीर केली! लोकांनीं तिच्यावर बरीच टीका केली. सरकारला पैसा हवा आणि मुलें चहा पितात, हें पाहून आम्हांस तरी त्या मुलांचें कौतुकच वाटलें.

यावरून कोणत्याहि चांगल्या रीतीला दोन बाजू असतात हें दिसतें. आपल्याकडील आग्रहाचें तेंच आहे. पंगतींत ‘अजून एक, माझ्यासाठीं एक’ असें म्हणून जिलबी वाढणारा मनुष्य प्रेमळ असतो. परंतु पानावरचा आडवा हात ज्याला दिसत नाहीं, त्याचें प्रेम आंधळें समजावें. आणि हात आडवा धरण्यास ज्याला भीति वाटते, त्यानें दुसऱ्याच्या प्रेमाची परीक्षाच केलेली नसते. खरें प्रेम नकारानें तुटत नाहीं. तें सुरई ठेवून किटली उचलतें.

आमचें हें बोलणें चाललें असतां आमच्या उजव्या हाताला एक वृद्ध गृहस्थ एकटेच बसले होते. ते आपली सुरई आपणच उचलीत, आपल्याच पेल्यांत ओतीत आणि सावकाश पीत. जपानी भाषेंत याला ‘तेजाकु’ असा स्वतंत्र शब्द आहे. मित्राचें लक्ष तिकडे गेलें. त्यानें किंचित वांकून परवानगी विचारली आणि सुरई दोन्ही हातांनीं उचलून त्यांचा पेला भरला. ते सांवरून ताठ बसले. पेला दोन्ही हातांत धरला. आणि मग आमची किटली मागून घेऊन त्यांनीं आम्हां दोघांचे पेले चहानें भरले. कोठले, म्हणून विचारलें. ‘इन्दो’ असें उत्तर मिळतांच त्यांचा चेहरा खुलला. तरुणपणीं पगाराच्या दिवशीं ते पत्नीला घेऊन शिंजुकु येथील नाकामुराया या दुकानांत हिंदी कढी-भात, म्हणजे तेथें ज्याला ‘करी’ म्हणतात तो, खावयास जात. आतां पत्नी नाहीं, एवढें सांगून ते पुन्हा आपल्या पेल्याकडे वळले.

त्या ‘करी’मागची कथा आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. १९१२ सालीं दिल्लींत व्हाइसरॉयवर बाँब टाकण्याचा जो कट झाला, त्यांतील प्रमुख रासबिहारी बोस हे १९१५ सालीं जपानांत निसटले. इंग्रज सरकारच्या सांगण्यावरून जपान सरकारनें त्यांस देश सोडण्याचा हुकूम दिला. तेव्हां शिंजुकु येथील नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक आइझो सोमा आणि त्यांची पत्नी कोक्को यांनीं या परक्या, भाषा न जाणणाऱ्या तरुणास आपल्या दुकानाच्या आवारांत कांहीं महिने लपवून ठेविलें. पुढें १९१८ सालीं त्यांची कन्या तोशिको हिचा रासबिहारींशीं विवाह झाला. १९२५ सालीं ती वारली. १९२७ सालीं त्या दुकानानें भोजनगृह उघडलें आणि जांवयानें शिकविलेली हिंदी पद्धतीची ‘करी’ तेथें मिळूं लागली. ती अद्याप मिळते. एका दुकानदार कुटुंबानें स्वतःच्या जिवाला धोका पत्करून एका अनोळखी माणसाचा रिकामा पेला पाहिला, आणि त्याची आठवण शंभर वर्षें लोकांच्या ताटांत राहिली.

निघण्याची वेळ झाली. दोघांचें मिळून बिल साडेसहा हजार येन झालें. आपले सुमारें साडेतीन हजार रुपये. वर बक्षीस ठेवण्याची तेथें चाल नाहीं. नेमकी मोड परत मिळते, आणि जास्त ठेवलेले पैसे देण्यासाठीं मालकीण रस्त्यापर्यंत धांवत येते. जेवण सुरू करतांना जपानी लोक हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात, म्हणजे ‘मी हें नम्रपणें स्वीकारतों.’ उठतांना ‘गोचिसोसामा’ म्हणतात. यांतील ‘चिसो’ या शब्दाचा मूळ अर्थ धांवाधांव असा आहे. पाहुण्यासाठीं जिन्नस मिळवावयास यजमानानें जी धांवपळ केली असेल, तिचे हे आभार. आपल्या वसतिगृहांत जेवणापूर्वीं आपण देवाचे उपकार मानतों, इतर अनेक घरांत श्लोक म्हणतात. तो भाव आम्हांस परिचयाचा होता. परंतु जेवण झाल्यावर, पोट भरल्यावर, ज्यानें धांवाधांव केली त्याचे आभार मानावयाचे, ही गोष्ट आपण बहुधा विसरतों. भूक लागलेली असतांना नम्र होणें सोपें आहे. तृप्त झाल्यावर होणें कठीण.

घरीं परतलों तेव्हां रात्रीचे दहा वाजले होते. मित्राची पत्नी आणि त्याची तेरा वर्षांची कन्या आमच्यासाठीं जाग्या होत्या. चौघे मिळून थोडें ताक पिण्यास बसलों. मुलीनें आधीं आमचा पेला भरला, मग आईचा. आईनें मुलीचा भरला, आणि मित्राचा पेला रिकामा राहिला होता तो दोघींनीं एकदमच पाहिला. तिघींचौघांत कोणीं कांहीं बोललें नाहीं. त्या घराची ती रोजचीच रीत होती. जी गोष्ट त्यांच्या संसाराच्या मुळावर उठली होती, तिच्यांतील सार तेवढें त्यांनीं घरांत आणून ठेविलें होतें.

विद्यार्थीहो, तुमच्यापैकीं पुष्कळजण पुढें परदेशीं जाल. तेथें लोक प्रेमानें पेला पुढें करतील. तुम्हांस जें नको असेल त्यावर हात ठेवण्यास भिऊं नका. ज्यांचें प्रेम खरें असेल ते चहाची किटली मागवतील, आणि ज्यांचें नसेल त्यांची ओळख लवकर पटलेली बरी. परंतु हें झालें पुढचें. आजचें काम घरांतच आहे. आपल्या घरीं एक व्यक्ति अशी असते, जी सर्वांचीं पानें वाढते, कोणाला काय हवें तें न सांगतां ओळखते, आणि सर्वांच्या शेवटीं, उरलेलें, स्वतःच्या हातानें स्वतःला वाढून घेऊन जेवते. जपानी माणसाला हें दृश्य दाखविलें तर तो म्हणेल, या घरांत एकच जण रोज ‘तेजाकु’ करीत आहे. आज रात्रीं जेवून उठण्यापूर्वीं तिला बसवा, तिचें पान मांडा, भात वाढा, पाण्याचा पेला भरा आणि ती जेवेपर्यंत जवळ बसा. पहिल्या दिवशीं ती संकोचानें पानावर आडवा हात धरील. तो मात्र मानूं नका.